आयर्विनला किती, भिंतीत किती

पावसाळ्यात सांगलीकराला झोपेतनं उठवलं तरी त्याच्या तोंडात दोनच प्रश्न असतात, कोयनेतनं किती सोडलंय आणि आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती फूट झालं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय. मला मात्र तिसरा एक प्रश्न पडतो आणि तो पाणी उतरल्यावर पडतो, की आता भिंतीत किती राहिलंय.

मी शहराच्या नगररचना विभागात जुन्या वास्तूंचं काम बघते, मानधनावर. आर्किटेक्चर केलं, मग संवर्धनाचं मास्टर्स करायला बाहेर गेले, आणि 2018ला परत आले तेव्हा घरच्यांना एवढंच कळलं की पोरगी टेप घेऊन वाडे मोजत फिरते. आत्यानं विचारलं होतं, "अगं, पाडू नका म्हणून सांगायला पगार देतात होय?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आज जे लिहितेय ते तिलाच लिहितेय असं समजा.

सांगली काही पुण्याइतकी जुनी नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी 1801ला मिरजेच्या काकांपासून वाटणी घेतली आणि मग सांगली हे संस्थानाचं गाव झालं, गणेशदुर्ग, गणपती मंदिर, पेठा, घाट हे सगळं त्या घराण्याच्या काळात उभं राहिलं, आणि त्यांच्याच आश्रयानं 1843ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर नाटक उभं केलं. आयर्विन पूल 1929चा. ह्या मोठ्या वास्तूंबद्दल बोलणारे, भांडणारे पुष्कळ लोक आहेत आणि ते असायलाच पाहिजेत. माझा जीव अडकलाय तो गावभागातल्या, खणभागातल्या बिननावाच्या घरांत. खाली घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची हात-दीड हात जाड भिंत, भिंतीच्या पोटात सागवानी खांब, त्याच्यावर तुळया, कडीपाट, वर मंगळुरी कौलं. दिंडीतनं वाकून आत गेलं की सोपा, मग चौक, मग माजघर, मागं परसू. ह्या घरांत कुणी राजा राहिला नाही, इतिहासाच्या पुस्तकात ह्यांची ओळ नाही, पण गल्ली जी गल्ली वाटते ती ह्यांच्यामुळं, एकाला लागून एक उंची सारखी, ओटे सारखे, आणि त्यातलं एक पडलं की शेजारच्याची बाजूची भिंत उघडी पडते, तिच्यावर पावसाचा मार सुरू होतो, मग चार-पाच वर्षांत तेही जातं. दात पडतात तसं, एक हलला की शेजारचा हलतोच.

तर काम काय असतं. पहिल्यांदा यादी. प्रत्येक घराचं एक कार्ड, त्याच्यावर सिटी सर्व्हे नंबर, फोटो, मालक कोण, भाडेकरू किती, काय शाबूत आहे, काय बदललंय, आणि हे घर का महत्त्वाचं वाटतं ते चार ओळींत. ह्या सगळ्याचा कायदेशीर पाया पहिल्यांदा मुंबईनं घातला, 1995च्या हेरिटेज नियमावलीनं, आणि आता 2020च्या एकत्रित नियमावलीत, जिला ऑफिसात सगळे यूडीसीपीआर म्हणतात, बाकीच्या शहरांसाठीही तरतूद आहे. ग्रेड एकूण तीन आहेत. पहिल्या ग्रेडच्या वास्तूला आतनं-बाहेरनं हात लावायचा नाही, अगदीच गरज असल्याशिवाय. दुसऱ्यात आतले बदल तपासून करता येतात. तिसऱ्यात बरंच काही करता येतं, फक्त गल्लीच्या चेहऱ्याशी ते जुळलं पाहिजे. यादीचा मसुदा निघाला की हरकती-सूचना मागवायच्या आणि सुनावणी घ्यायची.

सुनावणीला लोक येतात ते घाबरून. "आमच्या घराला हेरिटेज लागलंय" असं म्हणतात, घराला वाळवी लागावी तसं. एक आजोबा सकाळी साडेनऊलाच येऊन बसले होते, हातात पिशवी, पिशवीत प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, लाईटबिलं, सगळं. त्यांचं म्हणणं एकच होतं, बाई माझं नाव काढा. मी विचारलं का, तर म्हणाले आता मला घराला रंगपण लावता येणार नाही म्हणे, खिळा ठोकायचा तर मुंबईची परवानगी. कुणी सांगितलं तर चौकात सांगितलं. मी त्यांना तास-दीड तास घेऊन बसले, त्यांचं घर तिसऱ्या ग्रेडला सुचवलंय, त्यात संडास-बाथरूम आत घेता येतं, स्वयंपाकघर बदलता येतं, वायरिंग करता येतं, रंग तर लावाच, फक्त रस्त्याकडची माडी आणि दिंडी तशीच ठेवा एवढंच मागणं आहे, हे एकेक करून समजावलं. शेवटी म्हणाले, "हे आधी घरी येऊन का सांगितलं नाहीत?" त्या दिवसापासनं मी नोटीस पाठवायच्या आधी घरी जाते. हरकती एकदम संपल्या असं नाही, पण येतात त्या खऱ्या असतात.

खऱ्या हरकती म्हणजे पैशाच्या आणि वाटण्यांच्या. यादीतल्या घराचा न वापरलेला एफएसआय, म्हणजे जागेवर अजून जेवढं बांधता आलं असतं तो हक्क, टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडं बांधायला, विकता येतो असं नियम सांगतो, पण आमच्याकडं टीडीआर घ्यायला पुण्या-मुंबईसारखी बिल्डरांची रांग लागत नाही, त्यामुळं मालकाच्या हातात रोख असं काय पडतंय हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. शिवाय वारस. एका प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं मी बघितलीत, दोन अमेरिकेत, एक वारलेले पण नोंद न झालेली, तिघी बहिणींचं एकमेकींशी बोलणं बंद, आणि प्रत्यक्ष राहणारा एकटा धाकटा भाऊ ज्याच्या नावावर चौदावा हिस्सा. त्यानं स्वतःच्या पैशानं छत दुरुस्त केलं तर ते सगळ्यांचं, आणि नाही केलं तर पडणार त्याच्या डोक्यावर. माझ्या शिक्षणात मला महिरपी काढायला शिकवलं होतं, वारसनोंद कशी वाचायची ते मी तलाठी आणि सिटी सर्व्हेच्या ऑफिसात बाकावर बसून शिकले, आणि खरं सांगते, घर वाचवायला दुसरं जास्त उपयोगी पडलं.

आता 2019. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, मी नवीन होते, गावभागात एका घरी कार्ड करायला गेले होते. मालक काका फार हौशी माणूस. निवृत्तीचे पैसे आले होते त्यातनं त्यांनी रस्त्याकडच्या मातीच्या भिंतीला खालनं चार फूट सिमेंटचा गिलावा करून घ्यायचं ठरवलं होतं, कारण खाली लोणा, म्हणजे ओलीनं वर येणारा खार, धरून माती झडत होती. ठेकेदारानं सांगितलं होतं सिमेंटनं पॅक करून टाकू, परत बघायला नको. काकांनी मला विचारलं, "करू ना ओ मॅडम?" मला माहीत होतं. शिकले होते मी. पण त्यांचा उत्साह, नवीन नोकरी, आणि वर अशा दुरुस्तीला परवानगी लागते का नाही ह्याच गोंधळात मी होते, म्हणून मी म्हणाले, "बघा, तुमच्या सोयीनं." एवढंच. मनाई केली नाही, कारणही सांगितलं नाही.

ऑगस्ट 2019ला आयर्विनला 57 फुटांच्या वर पाणी गेलं. 2005चा पूर ज्यांनी बघितला होता ते म्हणत होते तेवढंच येईल, त्या हिशोबानं सामान माडीवर चढवलं होतं, आणि पाणी त्याच्याही वर आलं. काकांचं घर सात-आठ दिवस पाण्यात होतं. ते आणि काकू मुलाकडं विश्रामबागला गेले होते म्हणून बरं. पाणी उतरलं, घरात गाळ, वास, मेलेले उंदीर, सगळं साफ केलं, भिंत उभी होती. काकांनी मला फोन करून सांगितलं, "सिमेंटनं तारलं बघा." चौथ्या का पाचव्या रात्री ती भिंत पडली. रात्री दोनला. कुणाला लागलं नाही. सकाळी मी गेले तर गिलाव्याचा चार फुटाचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा रस्त्यावर आडवा पडला होता, साच्यातनं काढल्यासारखा, आणि त्याच्या मागं जी माती होती ती शिऱ्यासारखी मऊ. मी त्यात बोट घातलं तर बोट आत गेलं.

हे का होतं ते सांगते, कारण पूरपट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला मनापासनं वाटतं. मातीच्या भिंतीत पाणी वर चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं, पूर नसला तरी रोज थोडं थोडं चढतं आणि भिंतीच्या अंगावरनं उडून जातं. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्याला उडू देतो. सिमेंट देत नाही. मग ते पाणी आत साठतं आणि सिमेंट जिथं संपतं त्याच्या वर जाऊन बाहेर पडायला बघतं, म्हणून लोणा चार फुटांवरनं पाच-सहा फुटांवर जातो आणि लोक म्हणतात अजून वरपर्यंत सिमेंट करू. पुरात तर भिंत तुडुंब पिते. पाणी उभं असतं तेव्हा आतनं-बाहेरनं सारखाच दाब असतो म्हणून भिंत टिकते, पाणी झपकन उतरलं की बाहेरचा आधार जातो, आत भिजून जड झालेली माती आणि कोंडलेलं पाणी, वर कडीपाटाचं ओझं. म्हणून भिंती पुरात कमी आणि पुरानंतर जास्त पडतात. घरातलं पाणी मोटर लावून एका दुपारी उपसायची घाई करू नका, रस्त्यावरचं उतरेल तसं आतलं उतरू द्या, आणि पहिलं काम झाडू मारायचं नाही तर टेकू द्यायचं. बल्ल्या, फळ्या, पाचरी, जे मिळेल ते तुळईखाली. दारं-खिडक्या उघड्या, हवा खेळती, आणि निदान सुगी होईपर्यंत गिलाव्याचं नाव नको.

पूर उतरल्यावर दुसरी रांग लागते ती धोकादायक इमारतींच्या नोटिसांची. महानगरपालिका कायद्याचं 264 कलम. ते असायलाच पाहिजे, माणसाच्या जिवापुढं कुठलीही महिरप मोठी नाही हे मी कुठंही, कुणालाही सांगेन. त्यात वर्गवारी असते, सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा, सी-2ए, सी-2बी म्हणजे दुरुस्ती, एकात रिकामी करून आणि दुसऱ्यात माणसं आत असताना, सी-3 म्हणजे किरकोळ. आरसीसी बघायची सवय असलेल्या माणसाला मातीची ओली भिंत दिसली की हात सी-1कडंच जातो, आणि एकदा सी-1 पडलं की यादी, ग्रेड, कार्ड सगळं कागदाला कागद. म्हणून माझ्या कामाचा मोठा हिस्सा हाच, की नोटीस लागायच्या आधी तिथं पोचायचं. भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, पट्टीवर तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. काच शाबूत असेल तर ती भेग जुनी आहे, मेलेली आहे, तिला घाबरायचं कारण नाही. वीस-पंचवीस रुपयांची काच, पण इंजिनियर साहेबांसमोर "बघा सर, एप्रिलपासनं तडकलेली नाही" म्हणता येतं, आणि ते ऐकतात, कारण तेही माणूसच आहेत, त्यांनाही कुणाचं घर पाडायची हौस नसते.

काकांच्या गल्लीतच पुढं एक काकू राहतात, पंचाहत्तरीच्या, एकट्या. त्यांच्या सोप्याच्या भिंतीलाही सिमेंट होतं, जुनं, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं. काकांची भिंत पडल्यावर मी आठ दिवस तिथं गेलेच नाही, तोंड दाखवायचं धाडस नव्हतं, आणि मग पहिली गेले ती ह्या काकूंकडं. हात जोडून म्हटलं हे सिमेंट काढू दे. त्या म्हणाल्या, "अगं बाळ, काढून परत लावणार काय?" मी म्हटलं चुना. "चुना लावणारा गवंडी कुठाय आता?"

तोच खरा प्रश्न होता. चुन्याचं काम जाणणारे तात्या मला मिरजेत मिळाले, तेही दर्ग्याजवळच्या एका चहाच्या गाड्यावर चौकशी करता करता. तीस वर्षं त्यांनी चुन्याला हात लावला नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी परसात खड्डा घेतला, कळीचा चुना टाकला आणि पाणी सोडलं, आणि त्यानं जो रटरट आवाज केला, वाफा, एवढी उष्णता की आम्ही चार पावलं मागं सरलो, काकू चौकातनं ओरडल्या, "अरे काय शिजवताय!" मग तो चुना गाळून पाण्याखाली ठेवला. मी विचारलं किती दिवस, तर तात्या म्हणाले, "ताई, दह्याला विचारतात काय किती वेळ, लागलं की कळतंय." महिनाभरानं थापीनं उचलून दाखवला, लोण्यासारखा, थापीला न चिकटता सरकत होता. हिरडा भिजवलेलं पाणी आणि गुळाचं पाणी घातलं. गूळ आपल्याच मार्केट यार्डातला, सांगलीत गुळाला तोटा नाही. सिमेंट काढल्यावर भिंत तशीच उघडी ठेवली, उन्हाळा जाऊ दिला. खाली माती-भुसा-शेणाचा गिलावा, वरनं चुन्याचे पातळ हात, आणि प्रत्येक हातानंतर तरट ओलं करून टांगायचं. तात्यांचं एक वाक्य मी कार्डावर लिहून ठेवलंय, चुन्याला वारा लागतो पण ऊन लागत नाही. शास्त्र तेच सांगतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश परत दगड होतो, घाईनं वाळला की नुसती पावडर.

2021च्या जुलैत परत पूर आला, परत 50च्या वर. पाणी काकूंच्या सोप्यात उभं राहिलं. उतरल्यावर मी गेले तेव्हा खालचा गिलावा बराच निघून गेला होता, हातानं ओघळ पडल्यासारखा, काकूंचा चेहरा उतरलेला. तात्या मात्र भिंतीवर तळवा ठेवून उभे होते, दाबून बघत होते, म्हणाले, "गिलावा गेला तर जाऊ द्या काकू, त्यानं भिंतीच्या वाटचं पाणी काढून नेलं." भिंत उभी राहिली. दिवाळीपर्यंत कोरडी झाली, आणि परत गिलावा केला, ह्या वेळी तात्यांचा नातू सोबत होता, सुट्टीत आलेला, चुना गाळायला. आता तो दोन-तीन ठिकाणी एकटा जातो.

काकांच्या जागेवर आता स्लॅबचं घर आहे. काका मला कधीही काही बोलले नाहीत, उलट गेलं की चहा देतात, भडंग देतात. पण त्या घराचं कार्ड माझ्याकडं आहे, फोटोसकट, आणि त्या कार्डावर मी "पडले" असं लिहिलंय आणि खाली कारण लिहिलंय, माझ्या न बोलण्यासकट.

आणि एक गोष्ट जी मला अजून सुटलेली नाही. कार्डात रकाने आहेत ते सगळे इमारतीचे. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणारी गल्ली आहे, त्या वाद्यांना 2024ला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ज्या माडीवर बसून कारागीर भोपळ्यावर कोरीवकाम करतो ती माडी बघायला अगदी साधी, पत्र्याची असली तरी चालते, तिला कुठला ग्रेड देणार? सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं तशीच. पेव म्हणजे जमिनीखालचा घागरीसारखा खोल खड्डा, आत हळद भरून तोंड बंद करायचं, हवा नाही त्यामुळं कीड नाही, आणि उघडल्यावर माणूस उतरवायच्या आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. सांगलीच्या हळदीला 2018ला मानांकन मिळालं त्यात ह्या पेवांचा वाटा आहे. 2005च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि बरीचशी वापरातनं गेली. बाहेरनं बघितलं तर दिसायला तिथं काहीच नसतं, नुसती जमीन. ज्याचा फोटो काढता येत नाही त्याचं कार्ड कसं करायचं? मी सध्या वेगळं वहीत लिहून घेतेय, म्हाताऱ्या हमालांकडनं, व्यापाऱ्यांकडनं, पेव कसं खणायचे, आत लिपायचे कशानं, तोंड कसं बंद करायचे. कधीतरी रकाना होईल, तेव्हा भरायला काहीतरी हातात असावं.

आत्याला हे सगळं मागच्या आठवड्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता कुठलं घर?" आता कौलांचं चाललंय. रोहिणी निघायच्या आत कौलं चाळून झाली पाहिजेत, फुटलेली बदलून, रिपा बघून, पन्हळीतला पाला काढून, कारण एक कौल सरकलं की चार पावसांत खालची तुळई कुजते आणि तिथनं पुढं मी काय, कुणीच काही करू शकत नाही. कौलांवर चढणारी माणसं मिळत नाहीत, पोरांना भीती वाटते आणि मजुरीही धड नाही. उद्यासाठी दोघं जण मिळालेत, सकाळी सहाला या म्हटलंय, ऊन व्हायच्या आत. पहिलं काकूंचं घर, मग त्या चौदा नावांच्या घरातल्या धाकट्या भावाचं. त्यानं तीन बहिणींपैकी दोघींची सही आणलीय. तिसरी म्हणाली, सही नंतर, आधी मी येऊन बघणार. ती पण उद्या येतेय.